वजन

कुतायसीत, पावाच्या भट्टीवरची खोली.
मंगळवारी फळ्या गरम असतात,
म्हणून नुग्झार अनवाणी उभा राहायला तयार होतो.
तीस वर्षं बस चालवलेला माणूस,
आता दोन-दोन मिनिटं थांबतो आमच्यासाठी.

कोळसा खरखरतो. घड्याळ वाजतं. पान उलट.

मग सगळी चित्रं जमिनीवर,
आणि आम्ही त्यांच्याभोवती, हात मागे बांधून.
त्सियाला हाडांच्या वॉर्डात नर्स आहे,
गोड बोलणं तिला जमत नाही.
“तुझा माणूस उभा नाहीये,” ती म्हणाली,
“खुंटीला टांगलाय.”

तीन मंगळवार मी पावलंच खोडली.
बोटं, टाचा, घोटे. कागद झिजून केसाळ झाला.
चूक पावलात नव्हतीच.
वर होती, कमरेत,
जी मी सवयीने सरळ काढत आलो होतो.

आज ती रेघ तिरकी पडली
आणि उजवा पाय एकदम जड झाला.
त्सियाला काही बोलली नाही, पुढच्या कागदाकडे वळली.

नुग्झार झगा गुंडाळून आला, हातात चहा.
वाकून बराच वेळ बघत राहिला.
“डावा गुडघा दुखतो,” म्हणाला,
“घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.”