शेवटची सोळा पानं

मुहर्रकच्या आयसोलेशनमध्ये मला टाकलं तेव्हा
बॅगेत दोन लेंगे, कुळथाचं पीठ
(ते सिस्टरने काढून घेतलं)
आणि कॅम्पवरच्या तोडणकरने जाताजाता कोंबलेली कादंबरी.
पुठ्ठ्याच्या जागी सिमेंटच्या पिशवीचा कागद.

पहिले तीन दिवस मी तिच्यावर ग्लास ठेवला.

चौथ्या दिवशी उघडली.
साल एकोणीसशे चार. मोत्यांचा हंगाम.
गलबतावर देवी निघाल्या, आणि नाखवा म्हणतो,
ज्यांच्या अंगावर उठलंय त्यांना वाळूच्या पट्टीवर उतरवा.
एक पखाल पाणी, एक टोपली खजूर.
परतताना बघू.
उतरवलेल्यांत एक पोर, सुवैद,
अकरा वर्षांचा, हातांना दोरीचे घट्टे.

शेजारच्या खाटेवर दूरमुहम्मद, बलुची, टँकर चालवायचा.
ढास थांबली की विचारायचा,
"भाई, लड़का ज़िंदा है?"
मी पान बघून सांगायचो, अजून आहे.
पुस्तक मराठी, माझी हिंदी बंदरावरची,
रोज वीसेक पानं, गोळ्या उतरेपर्यंत.

बायकोला फोनवर म्हणालो, साइटवर रेंज नसते.
ती म्हणाली, मग आवाज असा का येतोय,
विहिरीत उतरून बोलल्यासारखा?

दोनशे चाळीसाव्या पानावर पखाल संपते.
मग उरतात सुवैद आणि एक म्हातारा पाणबुड्या.
तीनशे बारावर म्हातारा म्हणतो,
मला त्या कातळापर्यंत ने.

पुढची सोळा पानं नाहीत.
कुणीतरी फाडलीत. नीट, पट्टी लावून.

दूरमुहम्मद उठून बसला. "फिर?"
मी म्हटलं, गलबत परत येतं. लांबून शीड दिसतं.
माझं मलाच पटेना.
"नहीं आता," तो म्हणाला.
"मेरा नाना उसी काम में था. किश्ती नहीं आती."
बराच वेळ नुसता एसी, आणि डब्यात ठिबकणारं त्याचं पाणी.
मग सांगू लागला:
इथे समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे आहेत.
पाणबुडे रिकामी पखाल घेऊन बुडी मारायचे,
झऱ्यावर तोंड धरायचे,
भरली की गच्च आवळून वर.
"बुड्ढे को मालूम होगा. लड़के को जगह दिखायी होगी."

दहाव्या आठवड्यात माझी थुंकी साफ आली,
त्याची नाही.
कंपनीने तिकीट काढलं, एकाच बाजूचं.
पुस्तक मी त्याच्या उशाशी ठेवलं.
वाचता येत नव्हतं त्याला. तरी घेतलं,
वास घेतला, उशीखाली सारलं.

दारातून मी विचारलं, मग सुवैदचं पुढे काय झालं?
तो बाटलीचं झाकण फिरवत होता.
"रुक," म्हणाला, "पहले पीने दे उसको."