दोन इंच

इंदूर सोडताना क्लबाने जर्सी परत मागितली,
धुऊन, घडी घालून द्या म्हणाले.
मी घडी घातली. ती इतकी लहान झाली
की वाटलं, हिच्यात मी सात वर्षं मावले कशी.

तिथले सर म्हणायचे, फुलबॅक म्हणजे दरवाजा,
आणि तू, पोरी, झरोका.
सगळे हसायचे. मीही हसायचे,
कारण न हसणाऱ्या बुटक्या मुलीला लोक तिखट म्हणतात.
शेवटच्या मोसमात अठरा सामने,
त्यातले सोळा बाकावर.
त्या बाकाचा तिसरा खिळा वर आलाय.
बसणाऱ्यालाच ठाऊक असतं ते, म्हणून कोणी ठोकत नाही.

ग्वाल्हेरला शिंद्यांच्या छावणीत खोली मिळाली,
जिन्याखालची. बाकीचे भाडेकरू वाकून शिरतात,
मी ताठ जाते.
खासगीवाले काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं
(प्रवास फार लांबचा नव्हता)
आणि म्हणाल्या, "हॉकी खेळते का तू?
स्टिकच्या मागे लपून?
बरं, नळ एक दिवसाआड येतो. भरून ठेवायचं."

पहाटे टर्फवर फवारे सुटतात.
निळं हिरवळीसारखं काहीतरी भिजत राहतं,
आणि मी स्ट्रेचिंग करता करता मोजते,
काकूंच्या किती कळशा झाल्या.

चार नंबर अल्पना तोमरचा होता.
पाच फूट नऊ. नोकरी लागली, झाशीला गेली,
जर्सी इथेच राहिली.
पाठीवरचा तिचा चार माझ्या कमरेवर येऊन बसतो.
कुशवाह मॅडम त्यावर काही बोलल्या नाहीत.
त्यांनी मला खांद्याला धरून फक्त
दोन पावलं डावीकडे सरकवलं
आणि शिट्टी वाजवली.

पहिल्याच सामन्यात एक स्कूप
माझ्या डोक्यावरून गेला.
अल्पनाने तो हात वर करून, जांभई देत, अडवला असता.
मी उडी मारली. उडी चांगली होती.
मागे फळीवर चेंडू आपटला तो आवाज
मला अजून चहा पिताना येतो.
गोलकीपर रुखसार काही म्हणाली नाही,
पॅडवरची माती झटकत राहिली,
टर्फवर माती नसते तरी.

मग पेनल्टी कॉर्नरला पहिली धाव माझी ठरली.
का, ते विचारलं नाही.
फ्लिक सुटतो तेव्हा मी आधीच खाली असते,
एवढंच असेल.
नडगीवर जांभळं उठलं, वांग्याच्या रंगाचं.
चेंडू बाहेर गेला.
आम्ही तरीही हरलो.

सरावाची लाकडी स्टिक घेऊन लतीफमियाँकडे गेले.
ते टेप काढेनात.
"उभी काय राहिलीस? वाक.
उभं राहून कोण खेळतं?"
मी दुकानात वाकले, रस्त्यावरची दोन पोरं बघत थांबली.
त्यांनी दांड्यावर खडूची रेघ मारली
आणि करवत चालवली.
वेताचा भुसा माझ्या बुटांवर पडला.
सात वर्षं मी हे दोन इंच
मनगटाच्या वर उगाच वागवत होते.
पोटाला टोचायचे. मला वाटायचं, पोटाचीच चूक.

तुकडा त्यांनी हातावर ठेवला,
"तुझाच आहे, घेऊन जा."
पैसे मात्र पूर्ण घेतले.

खोलीतल्या खाटेचा एक पाय आखूड आहे.
कूस बदलली की ती खट् करते,
वर काकूंना ऐकू जातं.
त्या पायाखाली तुकडा सरकवला.
जरा मोठा झाला. कानसीने घासला.
पुन्हा घातला. जरा लहान झाला.
वहीचं पुठ्ठं दुमडून वर ठेवलं.

यादी शनिवारी लागेल.
आडवी झाले, या कुशीवर, त्या कुशीवर.
खाट गप्प.
झोप लागतच होती तेवढ्यात
वरून काकूंनी जिना वाजवला,
"अगं ए, जागी आहे का? पाणी आलं."