नऊ घास

कांदिवली पूर्व. एकोणिसावा मजला,
टाकीशेजारी ट्रायपॉड.
सूर्य अजून डोंगरामागे.
डावीकडून उजवीकडे नऊ घास,
प्रत्येक घासात आधीचा थोडा,
आणि प्रत्येक तीनदा:
एकदा काळोखा, ढगाची कड जळू नये म्हणून,
एकदा बेताचा,
एकदा उजळ, झाडीच्या पोटातलं दिसावं म्हणून.

"हलू नका हां," म्हणालो.
डोंगराला नव्हे, यल्लाप्पांना.
टाकीचं झाकण बघायला आले होते,
बारा वर्षं सुरुंग भरलेले.
पांढऱ्या खाचेकडे बोट करून म्हणाले,
"हितं आणखी डोंगर व्हता."

रात्री शिवण जुळली. आभाळ सलग.
फक्त पाचव्या-सहाव्याच्या सांध्यावर
एक हात, तीनदा, विरळ.
मनगटामागे माणूस नाही.

भुतं पुसू का, सॉफ्टवेअर विचारतंय.
त्याच्या हिशेबी जे हललं ते भूत.
डोंगर तेवढा हललेला नाही म्हणे.