सेमी

लायसन्स हातात पडेपर्यंत ऋजुता एकोणीस महिन्यांनी मोठी झाली.
अर्ज तिच्या नावाचा, फेऱ्या माझ्या.
कलेक्टोरेटच्या पायऱ्या मी डोळे मिटून सांगीन: बावीस.
बोरही बावीसच की बाबा, म्हणाली.

माझं दुकान दौलतगंजात, चार फूट बाय सहा.
मोबाइल आल्यापासून लोक सेल बदलून घेतात,
पट्टा आखडून घेतात,
दुरुस्तीला टाकलेली घड्याळं न्यायला येत नाहीत.
त्यातून साठलेले एक लाख चाळीस.
हिच्या आईची भिशी धरून.

भदौरियाजींनी मखमलीवर तीन मांडली.
पहिलं इटलीचं. किंमत ऐकली
आणि मी हात खिशातच ठेवला.
दुसरं नवंकोरं, आवाक्यातलं.
"बच्ची के लिए एकदम फिट."
ऋजुताने धरलं. मूठ जाड.
करंगळी हवेत राहिली,
पाहुण्यांसमोर चहाचा कप धरावा तशी.

तिसरं एका गेलेल्या नेमबाजाच्या घरून आलेलं.
लाकडी मूठ घामाने काळी पडलेली,
अंगठ्याच्या जागी खळगा.
ऋजुताचा अंगठा तिथे बसला
आणि ती बोलायची थांबली.

उघडून बघू का, मी विचारलं.
"घड़ी नहीं है, पोतनीस साहब."
स्प्रिंग तर आहे ना, म्हटलं.

डोळ्याला भिंग लावलं.
स्लाइड ओढली, सोडली, कान दिला.
पुन्हा ओढली.
मॅगझिनची स्प्रिंग दमलेली:
चार गोळ्या चढवेल, पाचवीला कुरकुरेल.
बदलता येईल.
रुळांवर ओरखडे नाहीत. नळी सरळ.
आणि चाप असा सुटला,
मी चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांत
जो आवाज परत आणायला बघतो, तसा.

रात्री वहीत मांडून पाहिलं.
पिस्तूल एकदा घ्यायचं, गोळ्या दर महिन्याला.
नवं घेतलं तर महिन्याला पन्नास राउंड.
जुनं घेतलं तर तीनशे,
वर रेंजची फी, कानांचे मफ, टेम्पोचं भाडं,
नवी स्प्रिंग.
एवढ्यात स्कूटी आली असती, बायको म्हणाली.
त्याचीही रक्कम मी बाजूला लिहिली. लिहिली खरी.
ऋजुता भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यासमोर
पाण्याने भरलेली बाटली एका हातात धरून उभी.
सहा मिनिटं झाली होती. मी घड्याळ लावलं होतं.

ऑटोमॅटिक घड्याळ मनगट हललं की
स्वतःला किल्ली देत राहतं.
हे पिस्तूलही आपल्याच धक्क्याने मागे जातं,
रिकामं टोपण फेकतं,
पुढची गोळी वर घेतं,
आणि थांबतं.
इथवर ते. पुढचं अर्धं बोटाचं.
दर वेळी बोटाने नव्याने ठरवायचं.
तिला हे सांगितलं. माहितेय बाबा, म्हणाली.
जेवण झाल्यावर म्हणाली, ते पुन्हा सांगा.

फेब्रुवारीत पहिल्यांदा रेंजवर गेलो.
थंडीत तिची बोटं कडक,
काखेत धरून ऊब दिली.
गोळ्या कागदावर कुठे लागल्या, मी बघितलं नाही.
मान खाली घालून मोजत होतो.
तीन. चार.
पाच.
गेली.

रिकामी टोपणं मोजून परत द्यायची असतात.
पन्नास झाडल्या, एकोणपन्नास भरली.
इन्चार्ज रजिस्टरवरून माझ्याकडे बघत राहिला.
गवतात गुडघ्यांवर बसून शोधलं,
चटईखाली, बाकाखाली.

घरी ऋजुताने स्वेटर काढला
तेव्हा टोपीतून ते वाटीत पडलं,
वरणाच्या.
बायकोने चमच्याने काढलं, नळाखाली धुतलं,
आणि घड्याळाच्या सुट्या भागांच्या डबीत ठेवलं.
सोमवारी नेऊन द्यायचंय.