निळी खूण

मल्लेशम वडनाल तीन दिवस माझ्या स्क्रीनवर आहेत.
वीस बाय दहा. कन्ना चौकाला एक,
विडी घरकुलात चार.
त्यांचा पोरगा सांगून गेला,
साहेबांना जरा उजळ कर बे, डोळ्यांखालचं काढ.
काढलं.
डाव्या भुवईवर एक निळसर रेघ होती,
डाग समजून तीही काढली.

वडील साखर पेठेत चादरीचा माग चालवायचे,
आई विड्या वळायची,
हा तिच्या सुपाशेजारी बसून गणितं सोडवायचा.
परिचयपत्रक मीच टाइप केलंय.
वणीच्या पलीकडं खाणीत ओव्हरमन, मग मॅनेजर,
मग काचेच्या केबिनीत डायरेक्टर.
‘जमिनीखालून वर आलेला माणूस’
ही ओळ त्यांची स्वतःची. मोठ्या अक्षरात.

दुसरा कागद वकिलानं आणला.
पेपरात द्यायचा, कायद्यानं, तीन वेळा.
अक्षर किती बारीक चालेल, एवढंच विचारलं.
सोबत निकालाची झेरॉक्स चुकून राहिली
आणि दुपारी लाइट गेली,
तेव्हा दारात बसून मी ती वाचली.

सहा नंबरच्या खाणीत वायू मोजायची वही होती.
मंगळवारी पहाटे स्फोट झाला, अकरा माणसं आत राहिली,
आणि वहीत आकडे शनिवारपर्यंत भरलेले,
एकाच पेनानं,
सगळे शून्य पूर्णांक दोन.
म्हणजे बुधवारी हवा चांगली होती.
गुरुवारी तर धनराज टेकामची सहीसुद्धा आहे.
धनराज टेकाम त्या अकरांत होता.

एक वर्ष शिक्षा.
दोन झाली असती तर उभं राहता आलं नसतं,
असं वकील म्हणाला होता,
माझ्या डब्यातली शेंगाचटणी बोटानं चाखत.

काल ते स्वतः आले.
चव्वेचाळीस डिग्रीत कडक इस्त्रीचा शर्ट.
बराच वेळ स्वतःकडं बघत उभे राहिले.
खूण कुठं गेली?
म्हटलं, डाग होता.
डाग नाही रे. चोवीस वर्षांचा होतो, छत आलं अंगावर.
जखम भरली, कोळसा आतच राहिला.
मग तेलुगूत काहीतरी बोलले, मला अर्धंच कळलं,
आईचं काहीतरी होतं.
परत टाक, म्हणाले. लोकांना दिसू दे.

मूळ फोटो मी सेव्ह केला नव्हता.
थोडा निळा घेतला, थोडा काळा,
ब्रशनं ओढली.
अजून जरा ठळक, ते म्हणाले.

बारीक जाहिरातीत अकरा नावं बसली नसती.
तशी ती कुणी मागितलीही नव्हती.
मी एकदा बसवून बघितली, सहा पॉइंटमध्ये,
मग खोडली.

वीस बाय दहावर ती खूण हातभर येते.
रात्री कन्ना चौकात शिडीवरनं
बांधणाऱ्या पोरानं हाक मारली,
काय बे, हे इथं फाटलंय का?

नाही, म्हटलं.
छापलंय तसं.