राखण

मिकुमीच्या रानात आम्ही चौघे होतो, आणि म्वाक्यूसा,
जो गाडी हाकत होता, आमच्या दंग्याला हसत नव्हता.
शनिवार. दार-एस-सलामहून अंधारातच निघालेलो,
टाइल्सच्या गोदामाच्या चाव्या चुकून माझ्याच खिशात.
इनास बार्रेटोकडे केळ्यांचे वेफर्स,
चंद्रमौळीकडे दुर्बीण, जिच्यातून एकाच डोळ्याला दिसायचं,
फिर्दोसकडे फक्त शंका :
सिंह नाही दिसला तर पैसे परत मिळतात का?

दिसला. म्हणजे सिंहीण.
चाकापासून दोन हातांवर, बाभळीसारख्या कसल्याशा झाडाच्या सावलीत,
पोट खालीवर होत होतं, कानावर माशा.
तिनं आमच्याकडे पाहिलं ते
जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर आलेल्या माणसाकडे
बँकेतली बाई पाहते, तसं.
मी छप्पन्न फोटो काढले.

परतताना रानाच्या मधूनच जाणाऱ्या हमरस्त्यावर
एक बस थांबली होती, जिराफाला वाट देत.
म्वाक्यूसा म्हणाला, ही म्बेयाची. माझी आई असते तिकडे.
आमच्या भाषेत सफारी म्हणजे नुसता प्रवास,
आईकडे जातो तीही सफारीच.
मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
इनास बोलला, पण तो वेफर्सबद्दल.

आता गावडोंगरी. पंधरा दिवसांची रजा,
त्यातले नऊ काणकोणच्या कचेरीत, एका सहीपायी.
खुशाली वेळीप चौथीपर्यंत माझ्या बाकावर बसायचा,
पुढं तो गुरांमागे गेला, मी पुस्तकांमागे.
त्याच्या वायंगणात गवे उतरतात.
रात्री माळ्यावर ये, म्हणाला, चहा आहे.

चार खांब, वर झावळ्या,
एक रिकामा पत्र्याचा डबा, एक काठी,
आणि खालून येणारा चिखलाचा, कोवळ्या भाताचा वास.
मी मोबाइल काढला, त्याला सिंहीण दाखवली.
त्यानं ती दोन बोटांनी मोठी केली, आणखी मोठी,
सिंहीण गेली, गाडी आली, आमचे चेहरे आले.
"ही माणसं राखण कशाची करतायत?"
कशाची नाही रे. बघतोय नुसते.
"नुसते?"
हो.
"आणि ह्याचे पैसे?"
सांगितले. शिलिंगांत सांगितले, म्हणजे कळू नयेत.
तो म्हणाला, "वाघऱ्याला आम्ही वर्षाला एक नारळ ठेवतो,
तो दिसू नये म्हणून."

मग थंडी. मग दव, पानांवरून टपटप,
खोतीगावच्या बाजूनं एकदा भेकर ओरडलं,
आणि कधीतरी, तीन वाजले असतील,
अंधाराचाच एक भाग हलला.
आधी श्वास ऐकू आला, जाड, ओला.
मग पांढरे मोजे घातल्यासारखे चार पाय,
बाकीचा गवा मागाहून जुळत गेला.
भात उपटताना फर्र फर्र असा आवाज.
माझा हात खिशाकडे गेला. खुशालीनं तो धरला,
फोटोसाठी नव्हे,
उजेडाला तो अंगावर येतो म्हणून.
आणि लगेच डबा बडवायला लागला,
शिव्या देत, आईच्या, बापाच्या, सरकारच्या,
माझ्याही हाती एक पळी दिली, बडव म्हणाला,
मी बडवली. काय बडवली!
गव्यानं मान वर केली,
तोंडातला घास संपवला
आणि गेला, घाई न करता,
पाटाचा बांध फोडून.

सकाळी आम्ही तो बांध घातला.
तो मोजत होता : इथं सात हात, इथं बारा.
माझ्या पायाला जळू लागली होती.
मोबाइलवर इनासचा निरोप, हल्ली तो लुआंडात असतो :
काय रे, कुठे आहेस, दिसलं का काही?
बोटांना चिखल होता, उत्तर राहून गेलं.

"परत कधी येशील?" खुशालीनं विचारलं.
बघू. पुढच्या मेमध्ये.
"येताना बॅटरी आण. लांब फेकणारी.
त्या तुमच्या सिंहाच्या रानात मिळत असेल तर."