जोडपत्ता

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस. खाली गिरणी, वर मी.
गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं
आणि अठ्ठ्याहत्तर पत्त्यांवर
ज्वारीची बारीक साय धरते.
लोक विचारतात, बाई, ही विभूती का?
मी नाही म्हणते. कधी कधी काहीच म्हणत नाही.

एकटा पत्ता कुणालाही वाचता येतो,
अर्थ पुस्तकात छापलेला असतो.
दोन शेजारी आले की पुस्तक मिटतं.
मग उपयोगी पडते ती शाळा,
महापालिकेची, कंत्राटावरची नऊ वर्षं,
चौथी ब, मराठी:
जोडाक्षरात एकाचा पाय मोडावा लागतो.
कुणाचा, ते कोण थोर यावर ठरत नाही,
आधी कोण उच्चारलं त्यावर ठरतं.
र असेल तर विचारूच नका,
कधी डोक्यावर बसतो, कधी पोटात काठी खुपसतो.
आणि काही जोड्यांत दोघंही हरवतात.
ज्ञ मधला ज दाखवा, म्हणायचे मी.
पोरं फळ्याकडे बघत राहायची.

रेवती मढवी घणसोली गावातून आली,
भाऊबीजेनंतरच्या मंगळवारी.
भावाने ओवाळणीत साडी घातली होती,
साडीच्या घडीत हक्कसोडपत्र.
"सही कर कवापन, घाई नाय," बोलला अनंता,
आणि दुसऱ्या दिवसापासून रोज फोन.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट. बिल्डर. तारीख.
बोलताना ती साडीचा रंग सांगायला विसरली नाही.
मोरपंखी.

डाव्या हाताने तिने दोन पत्ते ओढले.
न्याय: तलवार उभी, तराजू आडवा.
सहा पेले: अंगणात एक मुलगा
लहान मुलीला फुलाचा पेला देतोय.

मी घसा साफ केला.
न्याय आधी, पेले नंतर,
म्हणजे न्यायाचा पाय मोडला, नातं अख्खं राहिलं.
सही करा, माहेर टिकेल,
असं सांगायला तोंड उघडलं
तेव्हा लक्षात आलं, ती समोर बसलीये.
तिच्या बाजूने पेले आधी आहेत.
तिच्या बाजूने बालपण लंगडतंय
आणि न्याय दोन्ही पायांवर उभा आहे.

नऊ वर्षं मी फळ्याकडे तोंड करून शिकवलं,
पोरांच्या बाकावर बसून एकदाही वाचलं नाही.

ती मात्र चित्रच बघत होती.
"यो कोन?"
बोट मागच्या कोपऱ्यात.
पाठ फिरवून निघालेला, खांद्याला भाला,
एवढासा, पत्ता पुसतानाही न दिसलेला.
मी म्हटलं, राखणदार असेल.
"आमचा बापूस," ती म्हणाली.
"त्यो पन असाच गेला, वावराची वाटनी न करता.
मंग यो भाला गेला कुठं?"
आणि तिने पेल्यांचा पत्ता सरकवला
न्यायाच्या अंगावर, अर्धा,
जशी मी खडूने अक्षरं जोडायचे.
भाला संपला तिथून तलवार वर आली.
मुलाचा हात दिसेनासा झाला.
मुलगी राहिली, हातात पेला,
डोक्यावर तराजू.

याचा अर्थ कुठेच छापलेला नाही.
मी विचारलं, काय म्हणतंय तुम्हाला?
खाली गिरणीवाल्याने पट्टा बंद केला,
अचानक एवढं शांत झालं
की तिचा फोन पर्समध्ये गुरगुरताना ऐकू आला.
तिने काढून बघितला. उचलला नाही. कापलाही नाही.
टेबलावर पालथा ठेवला, तिसऱ्या पत्त्यासारखा.

जाताना पाचशेची नोट देऊन म्हणाली,
"तुमी कायच सांगलं नाय."
खरं आहे.

पत्ते अजून तसेच आहेत, एकमेकांवर चढलेले.
न्यायाच्या उघड्या अर्ध्यावर
तिच्या अंगठ्याचा ठसा, पिठाचा,
रेषा मोजता येतील इतका स्पष्ट.
दोनदा फडकं घेऊन बसले.
उद्या सकाळी गिरणी सुरू होईल, तेव्हा बघू.